पाळणा, घर पाहिजे

संघपाल ओव्हाळला पाळणाघर पाहिजे होतं. खरं तर गोष्ट इथंच संपायला हवी. माणसाला पाळणाघर पाहिजे असतं, तो चार ठिकाणी विचारतो, एक सापडतं, पोरगी तिथं ठेवतो आणि हापिसला जातो. दुसरीकडं कुठं असंच होत असेल. पण आमच्या धाराशिवात एखाद्याला काही पाहिजे आहे एवढं कळलं की सगळं गाव मदतीला धावतं, आणि गाव एकदा धावायला लागलं की मूळ माणूस काय म्हणत होता ते ऐकायला कुणाला सवड राहत नाही.

तर संघपाल. वय बत्तीस, पाटबंधाऱ्याच्या एका हापिसात कनिष्ठ लिपिक. माणूस सरळ, पण एक खोड होती. त्याला मराठी शुद्ध लागायची. त्याच्या मसुद्यातली एक वेलांटीही साहेबांनी आजवर बदलली नव्हती आणि हा मान तो जिवापाड जपायचा. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी ‘पाणि आले’ असं टाकलं की हा खाली ‘पाणी’ एवढाच एक शब्द लिहायचा. आता लोकांनी बादल्या भरायच्या का वेलांट्या बघायच्या? पण हा लिहायचाच. त्यामुळं आठ महिन्यांत कॉलनीत त्याला ओळखणारे पुष्कळ झाले होते, बोलायला मात्र कुणी नव्हतं.

बायको चैताली पोलीस भरतीत निवडली गेली आणि नऊ महिन्यांच्या प्रशिक्षणाला गेली. फोन फक्त रविवारी, तोही अर्धा तास. निघताना तिचा पाय दारातून निघेना, तेव्हा ह्यानं छाती पुढं काढून सांगितलं, “तू बिनधास्त जा. नऊ महिने काय, मी नऊ वर्षं सांभाळीन.” नवरे असं बोलतात. बोलताना पोरगी झोपलेली असते.

पोरगी श्रावस्ती, दोन वर्षं दहा महिन्यांची. पहिले दोन महिने हरणाबाई नावाच्या बाई दिवसभर घरी येऊन तिला बघायच्या. मग हरणाबाईंच्या लेकीचं बाळंतपण मुरुमला निघालं आणि त्या गेल्या. संघपालनं पंधरा दिवसांची रजा टाकली. साहेबांनी सही करताना बजावलं, “सोमवारी हजर म्हणजे हजर, ओव्हाळ.” आणि त्याच संध्याकाळी तेरहून आईचा, चांगुणाबाईंचा, फोन आला.

“संगपाल, लेकराचे हाल करत बसू नगं. काय सोय झाली तर बरंच हाय. न्हाय झाली तर म्या आईतवारी येते आन पोरीला घिऊन जाते. चैताली येस्तवर ऱ्हाईल की हितं आमच्यापाशी.”

म्हणजे हिशेब साधा होता. रजा संपायच्या रविवारपर्यंत सोय झाली तर पोरगी इथं, नाही झाली तर पोरगी तेरला. ‘ह्या वयात लेकराला बापाचा सहवास लागतो, मी वाचलंय कुठंतरी,’ असं संघपाल हापिसात सांगायचा. वाचलंबिचलं काही नव्हतं. खरं असं होतं की संध्याकाळी कुलूप उघडायचं आणि आत कुणीच नसायचं, हे त्याला नको होतं. बायको गेल्यापासून दिवसभरात त्याच्याशी मनापासून बोलणारं एकच माणूस उरलं होतं आणि त्या माणसाला अजून ‘र’ म्हणता येत नव्हता.

शोध सुरू झाला. पहिल्यांदा अंगणवाडी. सेविका बाई भल्या होत्या. त्यांनी श्रावस्तीला वजनकाट्यावर बसवलं, दंडाला पट्टी लावली, पोरगी छान आहे म्हणाल्या, वहीत नाव घेतलं. संघपालला वाटलं, झालं काम.

“बसायला तीन पूर्ण लागतेत, दादा. दोन महिन्यांनी आणा.”

“दोन महिन्यांनी दिवसभर ठेवाल?”

“दिवसभर? एकला सुटती की.”

एकला पोरगी सुटणार आणि सव्वासहाला बाप सुटणार. मधल्या पाच तासांचं काय, ह्याचं उत्तर बाईंपाशी नव्हतं आणि ते त्यांच्यापाशी असायचं काही कारणही नव्हतं. तिथून तो एका प्लेग्रुपात गेला. तिथं पोरांच्या आधी आईबापांची मुलाखत घ्यायची पद्धत होती. मॅडमनी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं बघून विचारलं, “मदर नाही आल्या?” ट्रेनिंगला आहे म्हणून सांगितल्यावर त्या गोड हसून म्हणाल्या, “मग मदर आल्यावर या ना.” आणि रिकाम्या खुर्चीलाच नमस्कार केल्यासारखं करून त्यांनी पुढच्या जोडीला आत बोलावलं.

मग त्याच्या डोक्यात आलं, बागेत जावं. चार पोरं असतील, चार आया असतील, त्यांच्याकडून काही तरी कळेल. बागेच्या फाटकाला कुलूप होतं. आत घसरगुंडीच्या सावलीत रखवालदार पडला होता.

“बाग बंद आहे का हो?”

“चालू हाय की.”

“मग कुलूप?”

“कुलूप न्हाय घातलं तर पोरं येतेत ना आत. खेळणी मोडतेत.”

श्रावस्तीनं गजातून हात घालून झोक्याकडं बोट दाखवलं. रखवालदार काही दुष्ट माणूस नव्हता. त्याला पाझर फुटला, तो उठला आणि त्यानं लांबून तिला रिकामा झोका हलवून दाखवला. पाच मिनिटं दाखवला. दोघं बापलेक गजाबाहेर उभं राहून बघत होते.

शेवटी संघपालनं आपलं ठेवणीतलं हत्यार काढलं, म्हणजे अर्ज लिहिला. ‘विषय : शहरातील लहान बालकांच्या कुटुंबांसाठी उपलब्ध सोयीसुविधांची यादी मिळणेबाबत (पाळणाघरासह).’ काय मसुदा होता! तो घेऊन तो एका कार्यालयात गेला. कुठल्या ते विचारू नका, मला ह्याच जिल्ह्यात राहायचं आहे. खिडकीतल्या माणसानं विषयाची ओळ शेवटाकडून वाचली आणि कंसातल्या ‘पाळणा’पाशीच थांबला. “नऊ नंबर,” तो म्हणाला. नऊ नंबरच्या टेबलावर एक पोक्त सिस्टर बसल्या होत्या.

“लांबवायचाय का थांबवायचाय?”

“काय?”

“पाळणा हो, काय म्हणजे? ही एकच ना? मग लांबवा. इतक्यात थांबवू नका. मॅडम कुठायत?”

“त्या नऊ महिने बाहेर आहेत.”

“मग तर आपोआपच लांबला की!” असं म्हणून सिस्टरांनी त्याच्या हातात दोन पत्रकं आणि एक पाकीट ठेवलं. पाकिटात काय होतं ते मी सांगणार नाही. संघपालनं रिक्षात उघडून बघितलं आणि घाईघाईनं बंद केलं. पत्रकाची श्रावस्तीनं घरी येऊन टोपी केली.

घर म्हणजे हिंमतरावांच्या माडीवरच्या दोन खोल्या. हिंमतराव तहसीलमधून नाझर म्हणून निवृत्त झालेले. खाली ते आणि त्यांच्या मंडळी सारजाबाई, दोघंच. एक मुलगा, रणधीर, तो लांब नोकरीला. हिंमतराव रोज सकाळी अंगणात दात घासता घासता वर बघून संघपालला एक सल्ला द्यायचे. “ओव्हाळ, पोरांची लई काळजी करू नये. आमच्या टायमाला पोरं आपोआप वाढायची. आमचा रणधीर कधी चालाया लागला, मला ठावंच न्हाय. म्या दौऱ्यावर होतो.” हा सल्ला झाला का चूळ भरायची आणि आत जायचं.

तुम्ही म्हणाल, मग खालीच का नाही विचारलं? रिकामं घर आहे, म्हातारी माणसं आहेत. सांगतो. खोल्या घेतल्या त्या दिवशीच हिंमतरावांनी अट घातली होती : “दुपारी आमी झोपतो. वर धडधड चालत न्हाय.” संघपालनं ती अट सरकारी परिपत्रकासारखी पाळली. पोरगी जरा पळाली की हा ओठावर बोट ठेवायचा, “हळू, खाली आजोबा झोपलेत.” इतक्या वेळा की श्रावस्ती घरात चवड्यांवर चालायला शिकली होती. हे एक कारण. आणखी एक होतं, ते त्यानं कुणाला सांगितलं नसतं. ह्या मालकांच्या घरात आपण स्वयंपाकघरापर्यंत जायचं का उंबऱ्याशीच थांबायचं, हे त्याला आठ महिन्यांत उमगलं नव्हतं. लहानपणापासून काही उंबऱ्यांचा त्याला अनुभव होता, आणि ही गोष्ट काही विचारून कळण्यातली नसते. म्हणून तो भाडं सुद्धा फोनवरून पाठवायचा.

रजेचे चार दिवस उरले. गुरुवारी सकाळी श्रावस्ती मोरीत बसलेली, डोक्याला साबण, डोळ्यात साबण, तोंडानं बोंब, आणि संघपालचे दोन्ही हात फेसात. त्याच वेळी त्याला वाटलं, आपला तो ग्रुप आहे की! त्यानं कोपरानं फोन चालू केला आणि लिहायच्या ऐवजी फोनला तोंडी सांगितलं. फोननं ऐकलं तसं लिहिलं : ‘तातडीने पाळणा घर पाहिजे लहान मुलीसाठी आई बाहेरगावी आहे संपर्क संघपाल ओव्हाळ’. मराठीत दोन शब्दांचा एक झाला की तो जोडून लिहायचा असतो, हे फोनला कुणी शिकवलेलं नव्हतं. आणि संघपालनं आयुष्यात पहिल्यांदा न वाचता मजकूर बाहेर सोडला.

ग्रुपचे प्रमुख कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार कल्याणप्पा. घरी कानडी, गल्ल्यावर मराठी. ते ‘पाणि आले’ त्यांचंच होतं. आठ महिने ती वेलांटी त्यांच्या छातीत रुतून बसली होती. त्यांनी ओव्हाळ साहेबांचा मजकूर वाचला, पुन्हा वाचला, आणि त्यांचा चेहरा उजळला. विरामचिन्ह नाही! एक सुद्धा नाही! त्यांनी तूरडाळीचं माप बाजूला ठेवलं, मजकूर नीट केला आणि आपल्याकडच्या अकरा ग्रुपांवर पाठवून दिला :

‘तातडीने पाळणा, घर पाहिजे. लहान मुलीसाठी. आई बाहेरगावी आहे.’

एक स्वल्पविराम. तेवढाच.

पहिला फोन अर्ध्या तासात आला. “टू बीएचके हाय, हवा लई भारी. फक्त व्हेज लागतं.” दुसरा फोन एका बाईंचा. त्यांच्याकडं सागवानी पाळणा होता, त्यांची तिन्ही पोरं त्यात वाढली, आणि ढेकूण नाहीत ह्याची त्यांनी शपथ घेतली. तिसऱ्यानं विचारलं, “जत्रेतला चालंल का? चार खुर्च्यांचा, हातानं फिरवायचा. जागा किती हाय तुमच्याकडं?” संघपाल प्रत्येकाला सांगत होता, “अहो, पाळणाघर! पाळणाघर!” आणि समोरचा म्हणत होता, “तेच म्हणतोय मी, दोन्ही बघू की.” संध्याकाळपर्यंत रिक्षातून एक पाळणा आला. तो परत कसा पाठवायचा ह्या विचारात असतानाच दुसरा आला. शुक्रवारी तिसरा आला, तो लोखंडी होता आणि त्याच्याबरोबर आणणाऱ्याचा निरोप होता की माउलीला बरं वाटू द्या.

दुपारी हापिसातून हेडक्लार्क शिवलिंग अप्पांचा फोन. “ओव्हाळ! बायको नऊ महिन्यांसाठी गेली म्हणून सांगितलंत, पण कशासाठी ते नाही सांगितलंत! वा रे पठ्ठे! सोमवारी पेढे घेऊन या.” संघपालनं पोलीस प्रशिक्षण केंद्राचं नाव सांगितलं. “असू द्या, असू द्या, पहिले तीन महिने सांगत नसतात,” अप्पा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

हे सगळं एक वेळ चाललं असतं. पण तो मजकूर हिंमतरावांनीही वाचला. त्यांनी पहिला शब्द वाचला ‘तातडीने’ आणि नंतर वाचलं ‘घर पाहिजे’. मधलं काही त्यांच्या डोळ्यांत शिरलंच नाही. शनिवारी सकाळी संघपाल सवयीनं गॅलरीत उभा राहिला. हिंमतरावांनी दात घासले, चूळ भरली, वर बघितलंच नाही आणि आत गेले. आठ महिन्यांत पहिल्यांदा सल्ला आला नाही. त्या बिनकामाच्या सल्ल्यावाचून आपली सकाळ इतकी अडेल, असं संघपालला कधी वाटलं नव्हतं. नंतर खाली उतरला तर फाटकावर पुठ्ठा टांगलेला : ‘माडीवरील खोल्या देणे आहेत.’ शुद्धलेखन निर्दोष होतं, ह्याचं त्याला जास्त लागलं.

दुपारी खोल्या बघायला एक नवं जोडपं आलं. हिंमतरावांनी त्यांना जिन्यावरून वर पाठवलं, स्वतः आले नाहीत. आता दारात आलेल्या माणसाला काय हाकलून द्यायचं? संघपालनं त्यांना चहा केला. नवरा टेप घेऊन पलंग बसेल का ते बघत होता आणि टेपचं दुसरं टोक संघपालनं धरलं होतं. “मालक कसे आहेत?” नवरीनं हळूच विचारलं. “चांगले आहेत,” संघपाल म्हणाला. “रोज बोलतात.” आणि त्याचा आवाज असा काही झाला की ती बिचारी कावरीबावरी होऊन पाळण्यांकडं बघत बसली.

रविवार उजाडला. नऊच्या गाडीनं चांगुणाबाई आल्या. जिना चढून आल्या तर समोर ओळीनं तीन पाळणे. मजकूर तेरलाही पोचला होताच. त्यांनी पिशवीतून डिंकाचा पुडा काढला, आळीव काढले, खारकांची पुडी काढली, सगळं पोराच्या पुढ्यात आपटलं.

“आरं, गावाला समद्यांला ठावं आन मला न्हाय? कितवा लागलाय तिला? आन पोटुशी बाईला पळवतेत व्हय रे त्या मैदानात?”

“आई, तसं काही नाही गं!”

“मग हे तीन तीन पाळणं कुणाचं? तुझं?”

तेवढ्यात कल्याणप्पा आले, पाळणा देणाऱ्यांनी त्यांच्याकडं पोच मागितली होती म्हणून. त्यांच्या मागून ते नवं जोडपं पुन्हा आलं, पलंगाचं माप चुकलं म्हणून. आणि इतक्या लोकांची धडधड ऐकून शेवटी हिंमतराव स्वतः वर आले, आठ महिन्यांत पहिल्यांदा. दारातच थांबले.

“ओव्हाळ, तुमाला काय कमी केलं आमी? घर पाहिजे तर तोंडानं सांगायचं. सगळ्या गावाला सांगितलंत, आन खाली राहतो त्याला ग्रुपवरनं कळावं?”

संघपालच्या डोक्यात तोवर चार दिवसांचं सगळं साठलेलं. त्यानं भिंतीवरची श्रावस्तीची पाटी ओढून काढली, तिच्यावर खडूनं मोठ्या अक्षरात ‘पाळणाघर’ लिहिलं आणि सगळ्यांसमोर धरली.

“एक शब्द आहे हा! एक! सामासिक शब्द! मध्ये जागा नाही, स्वल्पविराम नाही, काही नाही! पाळणाही नको मला आणि घरही नको! पोरीला दिवसभर ठेवायला जागा पाहिजे, नाही तर आई तिला घेऊन जाईल आणि मी एकटा राहीन इथं! एवढंच आहे!”

नवरीनं डोळ्याला पदर लावला. कल्याणप्पा खाली बघत म्हणाले, “एवढं लांब वाक्य होतं, साहेब. श्वास घ्यायला म्हणून ठेवला मी तिथं.”

आणि फोन वाजला. चैतालीचा. रविवारचा अर्धा तास.

“अहो, काय चाललंय तिकडं? इथं सगळ्या पोरी मला बसायला खुर्ची देऊ लागल्यात. ते राहू द्या. श्रावस्तीला द्या आधी.”

संघपालनं मागं बघितलं. श्रावस्ती नव्हती. आतल्या खोलीत नव्हती, मोरीत नव्हती, तिन्ही पाळण्यांत नव्हती. तो फोन तसाच हातात घेऊन जिना उतरला, मागोमाग चांगुणाबाई, हिंमतराव, कल्याणप्पा, टेपसकट नवरा. फाटक बंद होतं. खालचं दार उघडं होतं. संघपाल उंबऱ्याशी थांबला नाही, ओसरीत थांबला नाही, सरळ स्वयंपाकघरात शिरला.

सारजाबाई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. समोर श्रावस्ती, मांडी घालून. एक शेंग फोडायची, दाणा खायचा, टरफल सारजाबाईंच्या ओच्यात टाकायचं. आणि तोंड चाललेलं. आई पोलीस आहे, पप्पा पाटीवर लिहितात, झोका कुलपात आहे, आजोबा झोपलेत, हळू.

“म्या तर समजत होते हिला बोलता येत न्हाय,” सारजाबाई म्हणाल्या. “आठ महिने वर लेकरू हाय आन पावलाचा आवाज न्हाय. म्या छताला कान लावून बसते.”

“काकांना दुपारी झोप...” संघपाल चाचरला.

“ह्यान्ला? ह्यान्ला कुठली झोप? टक्क डोळे उघडे ठिवून पडतेत. ती अट आधीच्या भाडेकरूसाठी होती, ते गिरणी चालवायचे वर.”

हिंमतरावांनी खाकरून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं.

“विचारायचं हुतं की,” सारजाबाई म्हणाल्या. “म्याच विचारणार हुते. पर वाटलं, तुमी आमच्यात लेकरू ठिवाल का न्हाय. तुमी कधी उंबऱ्याच्या आत आलाच न्हाय.”

फोनमधून चैताली ओरडत होती, “बोलतेय ना ती? बोलतेय ना? फोन तिथंच ठेवा, नुसता ठेवा.” त्यानं फोन शेंगांच्या ढिगाशी ठेवला आणि उरलेली वीस मिनिटं ती तिकडून नुसती ऐकत होती.

चांगुणाबाई सारजाबाईंच्या समोर बसल्या. त्यांनी स्वयंपाकघर बघितलं, माठ बघितला, चूल कुठं आहे आणि पोरीचा हात पोचतो का ते बघितलं. मग एक शेंग घेतली. “हिला वरण पातळ लागतं,” त्या म्हणाल्या. “आन निजताना पाठीवर हात लागतो. थापटायचं न्हाय, नुस्ता ठिवायचा.” सारजाबाई प्रत्येक गोष्टीला ‘व्हय’ म्हणत होत्या. संघपालला कळलं, जमलं. हिंमतरावांनी बाहेर जाऊन पुठ्ठा काढला. नव्या जोडप्याला कल्याणप्पांनी दुसऱ्या खोल्या दाखवायचं कबूल केलं आणि तिन्ही पाळणे टेम्पोत घालून ज्याचे त्याला पोचवायचंही कबूल केलं. संघपाल असा काही खुशीत आला की त्यानं कल्याणप्पांना स्वल्पविराम माफ केला.

दुपारच्या गाडीला आईला सोडायला तो स्टँडवर गेला. पोरगी खाली राहिली. निघताना तिनं आजीला हात सुद्धा हलवला नाही, शेंगांत गुंग होती. गाडी लागायची होती. बाकावर बसल्यावर चांगुणाबाईंनी पिशवीतून दुसरी पिशवी काढली, रिकामी, घडी केलेली, नवी. तिच्यावर फुलं होती.

“ही ठिव तिच्या कपड्यान्ला,” त्या म्हणाल्या. “म्या आनली हुती, न्यायचे कपडे म्हणून.”

“आई, किती बरं झालं ना? तुलाही आता ताप नाही.”

“व्हय की.” त्या गाडीच्या दिशेनं बघत होत्या. “तुझ्या बानं दाराला फळी ठोकलीया. लेकरू घसरंल म्हणून. म्या गल्लीत समद्यान्ला सांगून आलते, नात येनार हाय म्हणून. पारावरची पोरं इचारतेत, कवा येनार, कवा येनार.” मग हसल्या. “सांगीन काय तरी.”

गाडी लागली. संघपालनं त्यांना खिडकीपाशी जागा धरून दिली, पाण्याची बाटली दिली, आणि पुढल्या शनिवारी श्रावस्तीला घेऊन येतो म्हणून सांगितलं. “ये,” त्या म्हणाल्या. “तुला सुट्टी असंल तर ये.”

तो घरी आला. खालचं दार लोटलेलं होतं. सारजाबाईंनी आतूनच हळू आवाजात सांगितलं, “आत्ता निजलीया. ऱ्हाऊ द्या. उठल्यावर न्या.” तो वर गेला. अडीच महिन्यांत पहिल्यांदा त्याला निवांत दुपार मिळाली होती. खोलीत पाळणे नव्हते, माणसं नव्हती, फरशीवर एक टरफल होतं. त्यानं ते उचललं. खुर्चीवर बसला. उठला. चवड्यांवर चालत खिडकीपर्यंत गेला, मग त्याच्या लक्षात आलं की आता तसं चालायची गरज नाही. तरी तो तसाच परत आला आणि त्यानं आईला फोन लावला.

पहिल्याच रिंगला तिनं उचलला.

“काय रे? इचार बदलला व्हय?” तिचा आवाज एकदम उभा राहिल्यासारखा झाला. “गाडी अजून हितंच हाय बघ, डिझेलला थांबलीया. उतरू का म्या? उतरू?”

“नाही गं,” संघपाल म्हणाला. “सहज केला.”

“बरं,” ती म्हणाली. “सहज, व्हय?”

तिनं फोन ठेवला नाही आणि त्यानंही ठेवला नाही. मग तिकडं गाडी चालू झाली.